घरचं रक्त

कुमुदअक्का बोलताना माणसाच्या डोळ्यांत बघत नसत, पापण्यांकडे बघत. माणूस ओळखीचा असो की बिनओळखीचा. एकदा आम्ही दोघी धुळ्याहून दोंडाईच्याला चाललो होतो. एसटीत पलीकडच्या बाकावर एक गृहस्थ खिडकीला डोकं टेकून पेंगत होते. अक्का उठल्या, हलत्या गाडीत दांडा धरून त्यांच्यावर वाकल्या, त्यांचे मिटलेले डोळे नीट न्याहाळले आणि खांद्याला हात लावून त्यांना जागं केलं.

"भाऊ, हे पिवळे डाग कधीपासून आहेत?"

"कुठले डाग?" तो माणूस घाबरून आपल्या शर्टाकडे बघायला लागला.

"पापणीवरचे. चरबीचे असू शकतात. रक्त तपासलंय कधी? उपाशीपोटी जाऊन तपासून घ्या."

मी खिडकीबाहेर बघत बसले. चिमठाण्याला उतरताना तो आमच्यापाशी थांबला. एक बोट पापणीवर होतं. "ताई, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. मी पीटी शिकवते," अक्का म्हणाल्या.

धुळ्याला देवपुरातल्या एका मुलींच्या शाळेत आम्ही बरोबर होतो. मी मराठी शिकवायची, त्या खेळ. अंगावर मांस असं त्यांच्या नव्हतंच. उंच, काटकुळ्या, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट आणि साडी घोट्याच्या वर खोचलेली. चालायला लागल्या की बरोबरच्याला पळावं लागे. खो-खोच्या सरावात स्वतः पाटीवर बसत आणि पाठीत खो बसला की पोरींच्या बरोबरीनं सुटत. स्टाफरूममध्ये त्यांना खुर्चीवर बसलेलं मी फारसं पाहिलं नाही. कुणी काही गाऱ्हाणं घेऊन आलं की म्हणत, "उभ्या उभ्या सांग. बसलं की गोष्ट लांबते." नव्या शिक्षिका त्यांना वचकून असत. मीही होते. पण पहिल्याच वर्षी मला टायफॉइड झाला तेव्हा रोज सकाळी मुगाचं पाणी घेऊन ही बाई माझ्या दारात उभी राहायची. आत यायची नाही. मी पेला रिकामा करेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभी, आणि पेला हातात पडला की चालू लागायची. तेव्हापासून त्या मला शालू म्हणायला लागल्या आणि मी त्यांना अक्का.

अक्कांचं लग्न झालं नव्हतं. मुद्दाम केलं नाही असं नाही, राहून गेलं. घर दोंडाईच्याचं, मिरचीच्या व्यापारातलं. वडील बाजारात मालाचे भाव करता करता खाली बसले ते उठले नाहीत. तेव्हा अक्का कॉलेजात होत्या आणि त्यांचं लग्न ठरत आलं होतं. सुतकात ते लांबलं, मग त्या मुलानं दुसरीकडे केलं. पुढे काही वर्षांनी पुन्हा एक स्थळ आलं. त्या वेळी मधला भाऊ एका नातेवाइकाच्या वरातीत नाचताना कोसळला. त्याच्या मागं बायको आणि दोन लहान मुली. त्या मुलींच्या फिया, वह्या-पुस्तकं, नंतर त्यांची लग्नं, यात अक्कांचा पगार गेला आणि वय गेलं. आई होती तोवर ती म्हणे, घराला कुणाची तरी नजर लागली आहे. थोरल्या भावानं, म्हणजे नानांनी, कुणाच्या तरी सांगण्यावरून घराचं दक्षिणेचं दार बुजवून पूर्वेला काढलं होतं. अक्का मला ते बुजवलेलं दार दाखवत म्हणाल्या होत्या, "विटांचा खर्च वाया गेला नाही, भिंत मजबूत झाली."

हे त्या हसून सांगत. पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे त्यांना पुष्कळ उशिरा कळलं.

तालुक्याच्या क्रीडास्पर्धा होत्या. मैदानावर अक्का चुन्याच्या रेघा मारून घेत होत्या आणि एकदम पोट धरून खाली बसल्या. त्यांना बसलेलं बघूनच मुली घाबरल्या. वेदना पोटातून थेट पाठीत जात होती, उलट्या थांबत नव्हत्या. आम्ही त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती, बोलायला स्वच्छ. तिनं रक्त तपासायला पाठवलं आणि थोड्या वेळानं मला बाहेर बोलावून विचारलं, "यांनी सकाळी काय खाल्लं होतं? काही तुपातलं, तळलेलं?"

मी सांगितलं, अक्का सकाळपासून पाण्यावर आहेत. स्पर्धेच्या दिवशी त्या मुलींची जेवणं होईपर्यंत खात नाहीत.

ती परत आत गेली, पुन्हा रक्त काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी अक्कांना जरा बरं वाटलं तेव्हा ती एक काचेची नळी घेऊन आली. रक्त स्थिर ठेवलं की तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर फिकट पिवळं, पारदर्शक पाणी राहतं, असं ती म्हणाली. अक्कांच्या नळीत वरचा थर पांढरा होता. दुधासारखा पांढरा आणि दाट.

"ही चरबी आहे," ती म्हणाली. "ट्रायग्लिसराइड्स म्हणतात. आपण जे खातो, गोड, मैदा, तेलतूप, त्यातलं शरीराला लगेच लागत नाही त्याची ही चरबी होते आणि रक्तातून फिरते. सगळ्यांच्याच रक्तात असते, पण थोडी. दीडशेच्या आत असावी. तुमची मोजायला यंत्राला त्रास झाला. त्यामुळे स्वादुपिंडाला सूज आली, म्हणून हे दुखणं."

"पण अक्का तर अशा..." मी त्यांच्या काटक्यांसारख्या मनगटांकडे बघितलं.

"बारीक माणसालाही होतं. काही घरांत ही चरबी रक्तातून लवकर उचललीच जात नाही. जन्मापासूनच तसं असतं. वर्षानुवर्षं ती राहिली आणि जोडीला कोलेस्टेरॉल असलं की रक्तवाहिन्या आतून अरुंद होत जातात. हृदयाच्यासुद्धा." मग तिनं विचारलं, "तुमच्या घरात कुणी लहान वयात गेलंय का?"

अक्कांनी नळी हातात मागितली, सलाइनचा हात सांभाळत खिडकीच्या उजेडात धरली आणि खूप वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "शालू, आमच्या घरात बुजवायचं दार कुठं होतं बघ."

त्याच दिवसापासून त्यांचं ते पापण्या बघणं सुरू झालं. काही लोकांच्या पापण्यांवर चरबीचे पिवळे ठिपके येतात, हे डॉक्टरीणबाईंनी ओघात सांगितलं होतं. अक्कांनी ते धरून ठेवलं. स्वतःचं म्हणाल तर साखर तोडली, मैदा तोडला, गोळ्या वेळेवर. लग्नाकार्यात पिशवीत स्वतःची कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी घेऊन जात आणि पंगतीत पानात जिलेबी वाढायला आलेल्याला हातानं थांबवत. शेवभाजीची तर्री बाजूला काढून खालची शेव तेवढी खात, मग तेही सोडलं. पहाटे पांझरेच्या काठानं चालत. घरच्या लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. त्यावर बाकीचे फुलांची चित्रं आणि सुप्रभात टाकत, अक्का रोज एकच ओळ टाकत: "आज कोण कोण चाललं?" कुणी उत्तर देत नसे.

पण त्यांचा खरा जीव अडकला होता तो नानांत. तीन भावंडांत आता ते दोघंच. बाप गेल्यावर नानांनीच अक्कांना शिकवलं होतं. नाना म्हणजे भरल्या अंगाचा, मोठ्या आवाजाचा, हात सैल असलेला माणूस. मिरचीच्या हंगामात त्यांच्या अंगणात गेलं की ठसक्यानं डोळ्यांत पाणी येई, आणि नाना त्यातच खाट टाकून ऐसपैस बसलेले असत. आलेल्याला जेवल्याशिवाय सोडत नसत. हिवाळ्यात शेतावर भरताची पंगत घालायचे, ढीगभर वांगी काटक्यांवर भाजून, वर तेलाची धार, आणि पुऱ्या तळायला स्वतः बसायचे.

अशाच एका पंगतीला अक्का मला घेऊन गेल्या होत्या. सगळे जेवून उठल्यावर त्या भावाजवळ गेल्या. घरी त्या अहिराणीच बोलत.

"नाना, तुमनं रगत तपासाले द्या. माले दुसरं काहीच नको."

नानांनी मिशीवरून हात फिरवला. "माले काय धाड भरनी? आमना घरमा दूध-तूप रगतमा शे, कुमुद."

"तेच सांगी ऱ्हायनू मी. रगतमाच शे. मी नळीमा डोळाघाई देखं."

आजूबाजूचे हसले. नानाही हसले. अक्का हसल्या नाहीत. त्या तिथंच, चुलीच्या राखेजवळ, भावासमोर मातीत बसल्या. मी त्यांना असं बसलेलं तोवर बघितलं नव्हतं. नानांच्या हसण्याचा आवाज हळूहळू कमी झाला.

"बरं बरं," ते म्हणाले. "हंगाम सरू दे. मंग येसू तुन्हासंगे धुळाले. ऊठ आते."

हंगाम सरला नाही. एका सकाळी नानांना छातीत जळजळायला लागलं. रात्री भजी खाल्ली होती, पित्त झालं असेल म्हणून त्यांनी सोडा घेतला, ओसरीवर येरझारा घातल्या. घाम फुटला तेव्हा वहिनींनी गाडी काढायला सांगितली. नाना म्हणाले, पाच मिनिटं पडतो. ते पडले.

फोन आला तेव्हा शाळेत परिपाठ चालू होता. मुली रांगांमध्ये उभ्या होत्या. अक्कांनी फोन ऐकला, कमरेला खोचला, राष्ट्रगीत पूर्ण होईपर्यंत ताठ उभ्या राहिल्या. "विश्राम" म्हणून मुलींना वर्गात सोडलं. मग माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "नाना गेला." पहिल्यांदाच त्यांनी नानांना एकेरी म्हटलेलं मी ऐकलं.

दहाव्याला मीही गेले होते. नदीवरचे विधी आटपून पुरुषमंडळी घराकडे परतली. सकाळची वेळ, जेवणाला अजून अवकाश होता. चुलते, चुलतभाऊ, त्यांची मुलं, नाशिक-सुरतेला असलेले सगळे आले होते. ओसरीवर, अंगणात, ताज्या मुंडन केलेल्या डोक्यांचे पुरुष बसले होते. तेवढ्यात दारात एक स्कूटी थांबली. तिच्यावरून उतरली ती रेश्मा, आमच्या शाळेची जुनी खो-खोपटू, आता धुळ्याला एका लॅबमध्ये कामाला असलेली. तिच्या हातात सुयांची, नळ्यांची पेटी होती. अक्कांनी तिला हात धरून ओसरीवर आणलं आणि चटईवर बसवलं.

"रात्रपासून कोन्हा पोटमा अन्न नही," अक्का सगळ्यांना म्हणाल्या. "एकेक जण या, बाही वर करा."

कुणाला काही कळेना. मग कळलं तेव्हा कुजबुज झाली, आणि सगळ्यांत थोरले चुलते, आबा, काठी टेकत उठले. "आज कोणता दिवस शे, काही भान शे का तुले? भाऊनं पिंडदान व्हयनं आते, आनि तू सुया टोचाले बठनी?"

"शे भान, आबा. म्हणूनच आज." अक्कांचा आवाज मैदानावरचा होता. "बठ्ठा लोक एक जागे माले परत कधी सापडतीन? पुढला दहावाले?"

आबा उभेच होते. एक चुलतभाऊ उठून अंगणात निघून गेला, त्याच्या मागून आणखी दोघं. नानांचा मुलगा धनंजय भिंतीला टेकून बसला होता. त्याचं डोकं नुकतं भादरलेलं आणि डोळे सुजलेले होते. जळगावला एका कारखान्यात तो नोकरीला, जाडजूड, बापासारखाच. तो पुटपुटला, "फुई, आज नको ना. मी करून घेईन नंतर."

"तुन्हा बापनंबी असंच सांगेल व्हतं," अक्का म्हणाल्या.

हे फार लागणारं बोलणं होतं. धनंजयचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता भांडण होणार. त्याच वेळी आतल्या खोलीच्या दारात वहिनी आल्या. दहा दिवस वहिनी त्या खोलीतून बाहेर आल्या नव्हत्या. मोकळं कपाळ, पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. त्या कुणाकडे न बघता ओसरीवर आल्या, मुलाला दंडाला धरून उठवलं आणि रेश्मासमोर बसवलं. स्वतःच्या हातानं त्याची बाही वर केली.

"पहिले येन्हं ल्या," त्या म्हणाल्या. "मन्हं कुंकू गयं. आते पोऱ्या जावाले नको."

रेश्माचा हात क्षणभर थांबला. अक्कांनी तिला मान हलवून खूण केली. धनंजयनं तोंड दुसरीकडे वळवलं आणि सुई शिरली. मग आबा हळूच खाली बसले. त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली, सदऱ्याची बाही दुमडली आणि कुणी काही म्हणायच्या आत हात पुढं केला. त्यांच्यानंतर रांग लागली. अंगणात गेलेलेही परत आले.

तीनचार दिवसांनी निकाल आले. बहुतेकांचं ठीक होतं, एका चुलतभावाचं वाढलेलं, आणि धनंजयचं फारच. अक्कांसारखंच. त्यांनी त्याला फोन केला तेव्हा मी शेजारी होते. तिकडून तो चिडून काहीतरी बोलला. अक्का म्हणाल्या, "शिव्या दे मला. पण देशील त्या चालता चालता दे."

तो दीडेक वर्ष त्यांच्याशी धड बोलला नाही. गोळ्या मात्र घेत होता, दारूही सोडली होती, हे त्याच्या बायकोकडून कळे. अक्कांनी त्याला एक गोष्ट पाठ करवून ठेवली होती: जिना चढताना छातीत आवळलं आणि थांबल्यावर गेलं, तर घरी यायचं नाही, सोडा प्यायचा नाही, सरळ दवाखाना. एका दुपारी कारखान्याच्या जिन्यात त्याला तसं झालं. तो मधल्याच पायरीवर थांबला, वळून खाली उतरला आणि सहकाऱ्याच्या गाडीतून हृदयाच्या दवाखान्यात गेला. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होत आली होती. झटका यायच्या आतच ती मोकळी केली, स्टेंट घातला. वॉर्डात आणल्यावर त्यानं पहिला फोन अक्कांना लावला. काय बोलला ते त्यांनी कधी सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर त्या मैदानाला एक चक्कर मारून आल्या, एवढं मी बघितलं.

हे इथंच संपलं असतं तर मला हे लिहावंसं वाटलं नसतं.

अक्का निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभात एक तास खुर्चीवर बसवलं म्हणून कुरकुरल्या. निवृत्तीनंतरही त्यांचं चालणं, भाकरी, गोळ्या, सगळं तसंच चालू होतं. मग एका हिवाळ्यात त्या दमायला लागल्या. "वय झालं," म्हणायच्या. पांझरेच्या पुलापर्यंत जात ते निम्म्यातून परतायला लागल्या. मग त्यांची दाढ दुखायला लागली. खालच्या जबड्यातून ठणका यायचा, चालताना जास्त, बसलं की कमी. लवंगतेल लावून झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. त्या दातांच्या डॉक्टरकडे गेल्या. एक दाढ किडलेली होतीच, ती त्यांनी काढून घेतली. मला फोनवर म्हणाल्या, "एकदाची ब्याद गेली."

ब्याद गेली नव्हती. दाढ काढूनही जबडा दुखतच राहिला, आणि एका सकाळी भाजी आणायला गेलेल्या अक्का भाजीवाल्याच्या हातगाडीला धरून खाली बसल्या. ज्या दवाखान्यात त्यांना नेलं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचा झटका आजचा नाही, काही दिवसांपूर्वीच येऊन गेला आहे. स्नायूचा बराच भाग निकामी झाला होता. बायकांमध्ये पुष्कळदा असंच होतं, ते म्हणाले. छातीत दुखत नाही. जबडा दुखतो, पाठ दुखते, नुसता थकवा येतो.

मी भेटायला गेले तेव्हा अक्का उशांना टेकून बसल्या होत्या. आडवं झालं की श्वास लागत होता. पाय सुजले होते. मला बघून त्यांनी मान हलवली, जणू एखाद्या मुलीनं सोपा झेल सोडला आहे.

"अक्का, तुम्हाला कसं कळलं नाही?" माझ्या तोंडून गेलं.

त्या एकेका वाक्याला थांबत बोलल्या. "ती नळी माझ्याच रक्ताची होती. मी हातात धरली होती. पण मनात असंच होतं गं, की आमच्या घरात पुरुष जातात आणि बायका रडतात. मी स्वतःला रडणाऱ्यांत धरलं होतं."



"तरी बघ," त्या म्हणाल्या, "आमच्या बापानं, भावांनी, कुणी साठी बघितली नव्हती. मी बघितली. गोळ्या फुकट नाही गेल्या." आणि मग म्हणाल्या, "नानाला मिळायला हवी होती गं. त्याला फार आवड होती जगण्याची."

नाना गेले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलेलं मी बघितलं नव्हतं. ते त्या दिवशी आलं. त्यांनी ते पुसलं नाही, आणि मीही पुसायला पुढं झाले नाही.

धनंजय त्यांना जळगावला आपल्या घरी घेऊन गेला. त्यांनी खूप आढेवेढे घेतले, पण नाना गेल्यापासून मुलाकडे राहणाऱ्या वहिनी स्वतः धुळ्याला येऊन त्यांचं सामान बांधायला बसल्या, मग अक्का निघाल्या. जळगावला त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत होत्या. मिठाशिवायचं जेवण, मोजून पाणी, औषधांनी सूज उतरायची आणि पुन्हा चढायची. धनंजयच्या मुलीचं रक्त तपासून झालं होतं. तिचं वाढलेलं निघालं, पण थोडं, आणि तिला आतापासूनच सवयी लागल्या आहेत, हे त्यांनी मला फोनवर दोनदा सांगितलं. पहिल्यांदा सांगितल्याचं त्या विसरल्या होत्या. एका दुपारी जेवून खुर्चीवर बसल्या असतानाच त्या गेल्या. वहिनी ताट उचलायला आल्या तेव्हा त्यांना कळलं.

त्याच्या आधीच्या आठवड्यात मी गेले होते. दहाची वेळ होती, ऊन अजून सोसण्यासारखं होतं. वहिनींनी अक्कांची खुर्ची मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली ठेवली होती. त्यांना नुकतीच आंघोळ घातली होती, केस ओले होते. एवढे लांब केस असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. शाळेत त्यांचा अंबाडा इतका घट्ट असे की केस दिसतच नसत. आता ते पाठीवरून खुर्चीच्या खाली लोंबत होते, बरेचसे पांढरे, टोकांना मात्र अजून काळे.

त्यांच्या मांडीवर फणी होती. त्यांनी एकदा हात डोक्यापर्यंत नेला आणि अर्ध्यातून खाली ठेवला.

"हात वर धरवत नाही," त्या म्हणाल्या. "शालू, जरा विंचरतेस?"

मी मागं उभी राहिले आणि गुंता सोडवायला लागले, खालून वर, ओढ बसू नये म्हणून एका हातानं बट धरून. त्यांनी एकदा विचारलं, शाळेतल्या मुली यंदा कुठपर्यंत पोचल्या. मी सांगितलं, जिल्ह्यापर्यंत. "बरं," त्या म्हणाल्या. मग कोणती मुलगी पळते, कोणती नुसतीच उभी राहते, असं काहीतरी त्या विचारत होत्या, पण शब्द एकमेकांत मिसळत गेले आणि वाक्य मधेच राहिलं.

त्यांची मान माझ्या हाताला जड लागायला लागली. मी वाकून बघितलं. त्यांना झोप लागली होती, तोंड किंचित उघडं, श्वास छोटा छोटा पण चालू. आडवं पडून त्यांना झोपता येत नव्हतं, रात्र रात्र बसून काढत होत्या, हे वहिनींनी मला दारातच सांगितलं होतं. मी फणी तशीच केसांत राहू दिली, दुसरा हात त्यांच्या डोक्याखाली आधाराला लावला, आणि वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा त्यांना मानेनंच खूण केली की थांबा. त्या कपबशी हातात घेऊन दारातच उभ्या राहिल्या. ऊन सरकून अक्कांच्या पायांवर आलं. आम्ही दोघीही हललो नाही.